ओळीतलं घर विकलं, त्याची गोष्ट

घर विकायचं ठरलं ते जिन्यामुळे. रेडिंगमधल्या आमच्या घराला तेरा पायऱ्यांचा अरुंद, उभ्या चढाचा जिना. झोपायच्या खोल्या वर आणि न्हाणीघर खाली, स्वयंपाकघराच्याही मागे. इंग्लंडमधली ही व्हिक्टोरियन ओळघरं बांधली तेव्हा त्यांत न्हाणीघर नव्हतंच. संडास मागच्या अंगणात असायचा आणि आंघोळ पत्र्याच्या टबात, चुलीसमोर. पुढे कधीतरी कुणीतरी मागच्या बाजूला खोली वाढवून तिथे नळ आणले. नवऱ्याच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि रात्री एकदा उठायचं म्हणजे तेरा उतरायच्या, तेरा चढायच्या, हे रोजचं झालं. शेवटी तोच म्हणाला, "आता बंगला बघू या." इथे बंगला म्हणजे एकमजली घर, मग ते दोन खोल्यांचं का असेना.

आम्ही हे घर २०११ मध्ये घेतलं. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, धाकटीचा जन्म याच घरातला. घर १८९४ चं. बावीस घरांची एक सलग ओळ, भिंतीला भिंत लागून, प्रत्येकाला पुढे बाहेर आलेली तीन अंगी खिडकी आणि मागे लांबट अंगण. रेडिंगच्या जुन्या घरांची एक ओळख आहे. लाल विटांमध्ये राखाडी, चंदेरी झाक असलेल्या विटा बसवून केलेली नक्षी. पाऊस पडून गेला की त्या विटा चमकतात. चौदा वर्षं रोज घरी येताना मी ती नक्षी पाहत आले आणि मला तिचा कंटाळा आला नाही.

अशा ओळी इंग्लंडभर उभ्या राहिल्या त्याला १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा मोठं कारण आहे. त्याआधी कामगारांची घरं पाठीला पाठ लावून बांधायचे, मागे ना अंगण ना खिडकी, आणि पटकी-विषमज्वर वस्तीतून हटत नसे. कायद्यानंतर नगरपालिकांनी रस्त्याची रुंदी, मागची मोकळी जागा, सांडपाणी यांचे नियम केले. रेल्वे होतीच, त्यामुळे वेल्सच्या डोंगरांतली पाटीची फरशी छपरासाठी कुठेही स्वस्तात पोचायची. रेडिंगमध्ये या घरांत राहायला आली ती बरीचशी बिस्किटांच्या कारखान्यातली माणसं. हंटले अँड पामर्सचा तो कारखाना एका काळी जगातल्या सर्वांत मोठ्या बिस्किट कारखान्यांपैकी होता. १९७६ मध्ये रेडिंगमधलं उत्पादन बंद झालं, पण जॉर्ज पामर यांनी गावाला दिलेलं पामर पार्क आहे. माझी दोन्ही मुलं सायकल शिकली ती तिथेच.

आमच्या घरात कोण राहायचं ते मी १९११ च्या जनगणनेत शोधलं होतं. त्या जनगणनेचे कुटुंबाने स्वतः भरलेले कागद जपून ठेवलेले आहेत, त्यामुळे अक्षर कुटुंबप्रमुखाचंच दिसतं. तिरकं, नीटस अक्षर. कामाच्या रकान्यात बिस्किट कारखाना. त्या वर्षीच्या जनगणनेत विवाहित बायकांसाठी आणखी एक रकाना होता: किती मुलं झाली, किती हयात, किती गेली. तिथे लिहिलं होतं सात, पाच, दोन. हाच जिना, याच तेरा पायऱ्या. तो कागद मी छापून ठेवला होता. पुढे तो कामाला आला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन एजंट बोलावले. एकाने ३,७५,००० पाउंड सांगितले, दुसऱ्याने ३,८५,००० आणि तिसऱ्याने ४,१०,०००. मी आमच्याच रस्त्यावरचे व्यवहार आधी पाहून ठेवले होते. इथे लँड रजिस्ट्रीकडे नोंदलेली प्रत्येक घराची विक्री किंमत कुणालाही बघता येते, आणि ही फार चांगली सोय आहे. शेजारची दोन घरं पावणेचारच्या आसपास गेली होती. चार लाख दहा हजार ऐकायला गोड, पण तसं घर दोन महिने पडून राहतं, मग किंमत उतरवावी लागते, आणि उतरलेली किंमत दिसली की लोकांना घरात खोट असल्याचा संशय येतो. आम्ही मधला एजंट धरला. सव्वा टक्का दलाली, त्या दलालीवर २० टक्के व्हॅट.

फोटो काढायच्या आदल्या दिवशी एजंटकडची मुलगी येऊन काय हलवायचं ते सांगून गेली. चपलांचं कपाट, फ्रिजवरचे कागद, वाळत घातलेले कपडे, हे सगळं मला पटलं. मग ती पुढच्या खोलीत, धुराड्याच्या शेजारच्या कोनाड्याशी थांबली. तिथे आमचं देवघर होतं. कोनाडा जणू त्यासाठीच केलेला, सकाळचं ऊन बरोबर तिथे यायचं. ती मृदूपणे म्हणाली, की येणाऱ्याला त्याचं स्वतःचं घर डोळ्यांसमोर आणता आलं पाहिजे, म्हणून हे फोटोपुरतं हलवलं तर बरं. मी म्हटलं, घर राहतं आहे, तर राहतं दिसू दे. देव जागेवर राहिले. फोटोत समईसुद्धा आली.

त्याच आठवड्यात ऊर्जा प्रमाणपत्राची मुदत तपासली. घर विकताना ते लागतंच, आणि दहा वर्षं चालतं. आमचं संपलेलं होतं, नवीन काढलं, 'डी' श्रेणी आली. या घरांच्या भिंती नऊ इंच भरीव विटेच्या असतात. नव्या घरांसारखी दोन पदरांमधली पोकळी नसते, म्हणून याच्या वर जाणं अवघड. माळ्यावर जाड लोकर अंथरली होती म्हणून निदान 'डी'.

घर पाहायला शनिवारी नऊ कुटुंबं आली. एजंटचं म्हणणं असं की अशा वेळी घरमालकाने बाहेर जावं. आम्ही पहिल्या शनिवारी गेलो, दुसऱ्या शनिवारी नवऱ्याचा पाय दुखत होता म्हणून घरीच राहिलो, आणि त्याच दिवशी ते दोघं आले. तिशीतले, पहिलंच घर घेणारे, तिच्या पोटात सहावा महिना. ती दारातच खाली वाकली आणि फरशीवर हात फिरवला. ती फरशी म्हणजे आमच्या घराचा दागिना. लाल, काळ्या आणि पिवळसर तुकड्यांची भौमितिक नक्षी, दारापासून जिन्यापर्यंत. आम्ही आलो तेव्हा ती गालिच्याखाली, त्याच्याखाली चिकटवलेल्या लिनोलियमखाली दडलेली होती. काळा डिंक खरवडून काढायला मला एक अख्खा हिवाळा लागला. मुलं झोपली की गुडघ्यावर बसायचं, रोज हातभर जागा. मी तिला तसं सांगितलं. मग तिने विचारलं, थंडीत घर कसं असतं?

एजंट पटकन म्हणाला, "उबदार." मी म्हटलं, मागची वरची खोली गार पडते, तिच्या तीन भिंती उघड्यावर आहेत. बाळाला तिथे ठेवू नका, मधल्या खोलीत ठेवा. एजंटचा चेहरा उतरला. मंगळवारी त्यांनीच ३,८५,००० ची मागणी घातली.

आपल्याकडे इतक्यात इसार झाला असता. इसारपावती हातात पडली की दोघंही बांधले जातात. इंग्लंडमध्ये तसं नाही. मागणी मान्य केली, दोन्हीकडच्या वकिलांना कळवलं, संकेतस्थळावर 'विकलं, कराराच्या अधीन' अशी पाटी लागली, तरी कायद्याने कुणीच कुणाला बांधलेलं नसतं. करारांची अदलाबदल होईपर्यंत, म्हणजे सहज तीन-चार महिने, कुणीही एक पैसा न देता मागे फिरू शकतं. त्यात आमची साखळी चार घरांची. ते दोघं आमचं घर घेणार, आम्ही वुडलीतला एका आजींचा बंगला, आजी त्यांच्या मुलीजवळ एक फ्लॅट, आणि फ्लॅटवाल्याला स्वतःचं दुसरं घर. चारांतला एक जरी थांबला तरी सगळे थांबतात. ही पद्धत माणसाला पोखरते, असं माझं स्पष्ट मत आहे.

वकिलाकडून फॉर्म आले. एकात घराची माहिती: कुंपण कुणाचं, शेजाऱ्यांशी वाद आहे का, पाणी शिरलं आहे का, जपानी नॉटवीड नावाचं ते हट्टी तण आहे का, काय काय बदल केले आणि त्याची परवानगी कुठे आहे. दुसऱ्यात काय ठेवणार, काय नेणार: पडद्याचे दांडे, दिवे, अंगणातली झाडंसुद्धा. खोटं लिहिलं तर नंतर दावा लागू शकतो, पण मला त्या भीतीची गरज नव्हती. मी तो फॉर्म तीन रात्री बसून भरला. उत्तराच्या चौकटी अपुऱ्या पडल्या तेव्हा वेगळे कागद जोडले.

हे मी इतकं मनावर का घेतलं, ते सांगायला हवं. माझं माहेर वाईचं. आमचा वाडा १९९८ मध्ये बिल्डरला गेला, तेव्हा मी मुंबईत नोकरीला होते. व्यवहार जमिनीचा झाला, चौरस फुटांवर. वाड्याबद्दल कुणी काही विचारलं नाही आणि कुणी काही सांगितलं नाही. कुठल्या भिंतीला ओल धरते, माजघराची तुळई कुठल्या लाकडाची, परसातल्या विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी राहतं, हे सगळं आजोबांना पाठ होतं. ते सगळं एका दुपारी निरर्थक झालं. या घराचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

जानेवारीत त्यांचा सर्वेक्षक आला. जुन्या घरासाठी करतात तसं सविस्तर सर्वेक्षण होतं. त्याच्या अहवालात दोन गोष्टी लाल रंगात आल्या: पुढच्या भिंतीत ओल, आणि स्वयंपाकघरातलं काढून टाकलेलं धुराडं.

ओलीचं आधी. तो भिंतीत दोन टाचण्या खुपसणारं मीटर घेऊन आला होता. असं मीटर मुळात लाकडातला ओलावा मोजण्यासाठी असतं. भिंतीच्या गिलाव्यात जुने क्षार असले तरी आकडा चढतो, भिंत आतून कोरडी असली तरी. त्याने विशेष तपासणीचा सल्ला दिला, आणि खरेदीदारांनी ओल हटवणारी एक कंपनी बोलावली, जी पाहणी फुकट करते. त्या कंपनीचा माणूस वीस मिनिटांत गेला आणि ६,८०० पाउंडांचा अंदाज पाठवला: भिंतीत छिद्रं पाडून रसायन भरायचं, वर सिमेंटचा गिलावा. खरेदीदारांनी किमतीतून ७,००० कमी करायला सांगितले.

मला त्या दोघांचा राग आला नाही. येणाऱ्या बाळासाठी घर घेताना अहवालात लाल अक्षरं दिसली तर कुणीही घाबरेल. त्या अंदाजपत्रकाचा मात्र आला, कारण त्या भिंतीचा इतिहास मला पाठ होता.

ही घरं चुन्यात बांधलेली आहेत. मऊ वीट, मऊ चुना. पावसाचं पाणी भिंतीत थोडं शिरतं आणि वारा सुटला की दर्जांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांमधून, निघून जातं. आमच्या आधीच्या मालकाने पुढच्या भिंतीच्या दर्जा सिमेंटने भरल्या होत्या, आणि पुढची वाट काँक्रीट टाकून इतकी वर आणली होती की फळ्यांच्या जमिनीखाली हवा खेळवणारी जाळीची वीट अर्धी गाडली गेली होती. सिमेंटमधून पाणी निघत नाही, म्हणून ते विटेतूनच निघू बघतं. मग थंडीत विटेतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि विटेचा तोंडचा पापुद्रा सुटून पडतो. आमच्या खिडकीखाली सात-आठ विटा तशा झिजलेल्या होत्या. २०१४ मध्ये आम्ही ते काँक्रीट फोडलं, जमीन खाली नेली, जाळी मोकळी केली आणि सत्तरीतला एक गवंडी शोधून दर्जा खरवडून चुन्याने भरून घेतल्या. तो काम करत होता तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी राहून बघत होते. त्याने सिमेंट काढताना यंत्र लावलं नाही, छिन्नी-हातोडीने वीट न दुखावता काढलं. चुना कालवून झाल्यावर त्याने त्याचा गोळा तळहातावर घेऊन मला दाखवला. वाईला लहानपणी दगडी चाकाची चुन्याची घाणी पाहिली होती, तिची आठवण झाली. वास तोच होता.

म्हणून आम्ही जुन्या इमारतींचं काम जाणणारा एक स्वतंत्र सर्वेक्षक आमच्या खर्चाने बोलावला. तो काही विकत नव्हता, फक्त मत देत होता. ४५० पाउंड गेले. तो दोन तास होता. पुढच्या खोलीतली एक फळी उचलून, पोटावर पालथा पडून, त्याने खालच्या तुळयांना मीटर लावलं. १४ टक्के. लाकूड २० टक्क्यांच्या खाली असलं की कुजत नाही. त्याने लिहून दिलं की भिंत कोरडी होत आली आहे, आकडा जुन्या क्षारांचा आहे, खिडकीखालचा क्षार धरलेला गिलावा तेवढा काढून चुन्याचा करावा, रसायनाची गरज नाही. तो अहवाल आम्ही जसाच्या तसा खरेदीदारांना दिला आणि गिलाव्याचे म्हणून १,५०० कमी केले. ३,८३,५०० वर दोघंही समाधानी झाले.

धुराड्याचं प्रकरण अवघड होतं. आमच्याही आधीच्या कुणीतरी स्वयंपाकघर मोठं करायला खालचं धुराडं काढलं, पण वरच्या खोलीतलं आणि छपरावरचं तसंच ठेवलं. म्हणजे डोक्यावर टनावारी विटा आणि नगरपालिकेच्या बांधकाम विभागाचा दाखला नाही. आम्ही घेताना आमच्या वकिलाने एक विमा काढून दिला होता. इथे हे सर्रास चालतं: दाखला नसेल तर पुढेमागे नगरपालिकेने कारवाई केली तर भरपाई देणारी पॉलिसी. हप्ता एकदाच, रक्कम किरकोळ. अट एकच, नगरपालिकेला काही विचारायचं नाही. विचारलंत की पॉलिसी मिळत नाही.

२०११ मध्ये आम्ही ते मुकाट्याने मान्य केलं, कारण काही कळत नव्हतं. आता मला ते पटेना. विम्याच्या कागदाने विटा पेलल्या जात नाहीत. आम्ही स्थापत्य अभियंता बोलावला. त्याने स्वयंपाकघराच्या छताला आतून वहीएवढं भोक पाडलं, टॉर्च आत घातली आणि मला स्टुलावर चढून बघायला सांगितलं. आत लोखंडी तुळई होती, दोन्ही टोकं भिंतीत दगडी बैठकीवर नीट टेकलेली, वर रंगाचा तांबडा हात अजून शाबूत. ज्याने कुणी ते केलं त्याने कागद केले नव्हते, पण काम चोख केलं होतं. चौदा वर्षं मी त्या तुळईखाली पोळ्या लाटल्या, आणि ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. अभियंत्याचं पत्र मिळालं, फोटो मिळाले, सोबत वकिलाच्या समाधानासाठी पॉलिसीही झाली.

तोवर मार्च उजाडला. ३१ मार्च २०२५ ला स्टॅम्प ड्यूटीची सवलत संपत होती. पहिलं घर घेणाऱ्यांना ४,२५,००० पर्यंत कर नव्हता, १ एप्रिलपासून ती मर्यादा ३,००,००० वर येणार होती. म्हणजे एक दिवस उशीर झाला तर त्या दोघांना ४,१७५ पाउंड जास्त, आणि बंगल्यावर आम्हाला अडीच हजार जास्त. साखळीच्या वरच्या टोकाला एका वकिलाच्या कचेरीतून दहा दिवस उत्तर येईना. मी रोज सकाळी नऊला फोन लावायचे, सगळ्यांशी आर्जवाने बोलायचे. रात्री झोप लागायची नाही. तिचे दिवस भरत आले होते, आणि त्या काळजीत आपल्या घराचा वाटा आहे हे मला सोसत नव्हतं.

हस्तांतरणाच्या कागदावर सही करताना साक्षीदार लागतो. शेजारच्या ८१ वर्षांच्या बाई आल्या. आमची आणि त्यांची भिंत सामाईक, त्यामुळे इतकी वर्षं त्यांचा रेडिओ आम्हाला आणि आमची आरती त्यांना ऐकू येत आली. सही करून त्या म्हणाल्या, "आता मला गणपती आले कधी आणि गेले कधी हे कसं कळणार?" मला बोलवेना. आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांग लावून, अंगठे देऊन जे होतं, ते इथे स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी झालं.

शुक्रवारी २१ मार्चला दुपारी चार वाजता करारांची अदलाबदल झाली. एका वकिलाने दुसऱ्याला फोन केला आणि त्या क्षणापासून सगळे बांधले गेले. ताबा पुढच्या शुक्रवारी, २८ ला.

त्या आठवड्यात मी एक वही लिहिली. पाण्याची मुख्य तोटी जिन्याखाली, फडताळाच्या मागे, ती उजवीकडे फिरवायची. पुढच्या खोलीतली डावी खिडकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी फुगते, जोर लावू नका, चौकटीला मेणबत्ती घासा. खिडकीच्या बाजूच्या पोकळीत बिडाची वजनं दोरीला टांगलेली आहेत. दोरी २०१९ मध्ये बदलली, तुटली तर आत धपकन आवाज येतो, घाबरू नका. जाळीच्या विटेसमोर कुंडी ठेवू नका. दर्जांना सिमेंट लावू देऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. सहावी पायरी करकरते. बाळ झोपलं असेल तर भिंतीच्या कडेने पाय टाका. वहीत १९११ चा तो कागद ठेवला, गवंड्याने वापरलेल्या चुन्याचं नाव लिहिलं, अभियंत्याचे फोटो चिकटवले.

२८ तारखेला सामानाची गाडी सकाळी आठला आली. देव सगळ्यांत शेवटी उचलले. विजेच्या आणि गॅसच्या मीटरचे फोटो काढले. कोनाडा पुसला. साडेबाराला एजंटचा फोन आला, पैसे पोचले, किल्ल्या आणून द्या. नवरा गाडीत बसला होता. मी फरशीवरून एकदा अनवाणी चालले आणि दार ओढून घेतलं.

बाळ १२ एप्रिलला झालं, मुलगी. जूनमध्ये बाळाच्या आईचा निरोप आला, सोबत पुढच्या भिंतीचा फोटो. कोपऱ्यातल्या दोन दर्जा निखळल्यात, मागच्या शेडमध्ये तुमची चुन्याची अर्धी पिशवी सापडली, ती चालेल का? मी लिहिलं, ती जुनी झाली, हवा लागली असणार, टाकून द्या. नवी आणा, नाव वहीत शेवटच्या पानावर आहे. आधी भिंत ओली करा, आणि सप्टेंबरच्या आत उरकून घ्या, थंडीत चुना धरत नाही.